दोन बाटल्या, एकच तपकिरी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी इन्क्युबेटर साफ करायला घेतला. सुट्टीत आत बुरशी धरली होती. एकेक बाटली बाहेर काढायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, ट्रेमध्ये ठेवायची. दहा-बारा बाटल्या झाल्यावर पाहिलं तर बोळा निळा झालेला. काचेवर मार्करनं लिहिलेली नावं स्पिरिटनं निघून आली होती. ट्रेमध्ये माश्यांनी भरलेल्या, बिननावाच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या आणि त्या कोणत्या क्रमानं काढल्या हे मला आठवत नव्हतं.

या माश्या म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी, जेमतेम तीन मिलिमीटरची फळमाशी. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून त्यांचं खाणं करायचं, बुरशी लागू नये म्हणून त्यात थोडं प्रोपिऑनिक ॲसिड घालायचं, ते बाटलीत ओतून थंड झालं की माश्या सोडायच्या आणि कापसाचा बोळा लावायचा. पंचवीस अंशांना दहा दिवसांत नवी पिढी तयार. आमच्याकडचे सगळे प्रकार मॅडमनी मैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरमधून मागवले होते आणि गेली सहा वर्षं ते दर पंधरा-वीस दिवसांनी नव्या बाटलीत हलवून जिवंत ठेवले होते.

बहुतेक बाटल्या ओळखता आल्या. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या लांबूनही कळतात, खुरट्या पंखांच्याही. अडलं ते दोन बाटल्यांपाशी. एकीत 'ब्राउन' होत्या, दुसरीत 'सेपिया'. दोन्ही म्यूटंटच, म्हणजे एखाद्या जनुकात बदल झालेल्या, आणि दोन्हींचे डोळे तपकिरी. प्रत्येकीची राखीव बाटली बुरशीनं आधीच गेलेली. आणि माझा प्रोजेक्ट डोळ्यांच्या रंगावरच होता.

मी आणि माझी प्रॅक्टिकल पार्टनर दोन्हींतल्या माश्या ईथरनं गुंगवून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघत बसलो. बाटल्यांना तात्पुरती 'अ' आणि 'ब' अशी नावं दिली. 'अ'मधले डोळे जास्त गडद, जांभळट तपकिरी. 'ब'मधले जरा उजळ, लालसर झाकीचे. पुस्तकात सेपियाचे डोळे गडद, जवळजवळ काळे असं लिहिलेलं, म्हणून मी 'अ' म्हणजे सेपिया असं धरून चालले होते. पार्टनरला ते पटत नव्हतं. तिचं म्हणणं, सेपिया माशी कोषातून बाहेर येते तेव्हा तिचे डोळे काळे नसतात, वयाबरोबर काळवंडतात. ब्राउनचे डोळेही वयानं गडद होतात. आणि कुठल्या बाटलीत किती दिवसांच्या माश्या आहेत हे आता कोण सांगणार? दोघी हट्टाला पेटलो होतो. मी म्हटलं, दोन्ही बाटल्यांतल्या माश्यांचा संकर करू. पण त्यातून काय कळलं असतं? ब्राउनचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर, सेपियाचं तिसऱ्यावर. दोन्ही अप्रभावी, म्हणजे जोडीला एक चांगलं जनुक असलं की दोष दिसत नाही. संकराची सगळी पिल्लं लाल डोळ्यांची निघाली असती. म्हणजे दोष वेगवेगळ्या जनुकांत आहेत एवढं सिद्ध झालं असतं, पण कुठली बाटली कुठली ते तसंच राहिलं असतं.

शेवटी मॅडमकडे गेलो. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही बाटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुला प्रोजेक्टमध्ये टेरिडीन वेगळी करायचीच आहेत ना? मग यांच्यापासूनच सुरुवात कर. मला उत्तर कागदावर आणून दाखव."

या माशीच्या साध्या, विटकरी लाल डोळ्यात दोन घराण्यांची रंगद्रव्यं असतात. एक ओमोक्रोम, ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लापासून बनणारी, तपकिरी. दुसरी टेरिडीन, जीटीपीपासून म्हणजे आरएनए घडवताना वापरतात त्याच एका रेणूपासून बनणारी. डोळ्याचा लालपणा टेरिडीनांपैकी ड्रोसोप्टेरिनांचा. तपकिरी घराणं बंद पडलं तर डोळा भडक लाल होतो, लाल घराणं बंद पडलं तर तपकिरी उरतो, दोन्ही गेली तर पांढरा. इथवर बी.एस्सी.ला शिकलो होतो. पण तपकिरी डोळ्याकडे दोन वाटांनी जाता येतं, हे मी वाचलेलं असूनही मला समजलेलं नव्हतं. ब्राउन माशीत टेरिडीन डोळ्यात साठवलीच जात नाहीत. सेपियाचं तसं नाही. तिच्यात टेरिडीन भरपूर बनतात, पण ड्रोसोप्टेरिनकडे जाणाऱ्या वाटेवरचं एक एन्झाइम नसतं. लाल रंग तयार होत नाही आणि अलीकडेच सेपियाप्टेरिन नावाचं एक पिवळं टेरिडीन तुंबत राहतं. डोळ्यात ओमोक्रोमचा तपकिरी रंग असतोच, त्यात हे पिवळं मिसळतं, आणि आपल्याला दिसतो एक मळकट गडद डोळा.

म्हणजे एका बाटलीतल्या डोक्यांत टेरिडीन जवळजवळ नाहीत आणि दुसरीतल्या डोक्यांत सेपियाप्टेरिनचा साठा आहे. हा फरक पेपर क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे द्रावकाबरोबर कागदावर चढताना वेगवेगळी द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर थांबतात त्या पद्धतीत, लपून राहायला नको. काम सोपं आहे असं वाटलं मला. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले.

पहिल्या खेपेला सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. माश्या फ्रीझरमध्ये ठेवून मारल्या, ब्लेडच्या टोकानं डोकी वेगळी केली. इतक्या माश्या एकदम मारायची ती पहिलीच वेळ होती, आणि डोकी मोजताना हात थांबत होता हे खरं आहे. व्हॉटमन नंबर १च्या कागदावर पेन्सिलीनं रेघ मारली, प्रत्येक खुणेवर पाच डोकी ठेवून काचेच्या कांडीच्या टोकानं चिरडली, वाळवलं. दोन भाग एन-प्रोपॅनॉल, एक भाग एक टक्का अमोनिया असं मिश्रण बरणीत घातलं आणि कागद उभा केला. बरणी ठेवली नेहमीच्या टेबलावर, खिडकीपाशी. दुपारची वेळ, पश्चिमेची खिडकी. चार तासांनी कागद काढून, टेरिडीन ज्याखाली चमकतात त्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला तर चारही रांगांत फिकट निळसर ओघळ, बाकी काही नाही. ज्या साध्या लाल डोळ्यांच्या माश्यांत सगळी टेरिडीन असायलाच हवीत, त्यांच्या रांगेतही काही नाही.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "झाकलं होतंस?"

टेरिडीन उजेडात टिकत नाहीत. पुस्तकातल्या पद्धतीत ही ओळ लिहिलेली होती, मी ती वाचलीही होती, पण 'अंधारात ठेवा' म्हणजे कपाटात वगैरे ठेवलं तर बरं, असा अर्थ घेतला होता. दिवसाच्या उजेडात, त्यातून ओल्या कागदावर, ही द्रव्यं मोडून जातात. माश्यांच्या डोक्यातून जे काढलं होतं ते कागदावर चढता चढताच संपत गेलं होतं.

दुसऱ्या खेपेची तयारी मामांमुळे झाली. आमच्या लॅबचे मामा निवृत्तीला आलेले. त्यांना मी सांगितलं, "मामा, पूर्ण अंधाराची जागा हवी आहे, आणि लाल बल्ब." ते म्हणाले, "अगं बाई, जिन्याखालची खोली आहे की. पूर्वी फोटो धुवायची होती." वीसएक वर्षं त्या खोलीत तुटक्या खुर्च्या आणि जुने तक्ते ठेवलेले होते. मामांनी त्या एका दुपारी खुर्च्या हलवल्या, झरोक्यावर काळा चार्ट पेपर चिकटवला, सिंकचा नळ सुरू होतो का ते पाहिलं आणि जुना लाल दिवाही शोधून काढला. दिवा लागला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्याइतकाच होता.

मात्र तो कागदही वाया गेला. या वेळी ठिपके आले, पण जिथे यायला नको तिथेही. कागदभर निळे-पांढरे तेजस्वी बिंदू, जणू कुणी चुना शिंपडलाय. पार्टनरनं दिव्याखाली माझ्या बाहीकडे बोट दाखवलं. माझा ॲप्रन अंगारासारखा निळा चमकत होता. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून डिटर्जंटमध्ये जी द्रव्यं घालतात ती अल्ट्राव्हायोलेट शोषून निळा प्रकाश टाकतात. ॲप्रनची लव कागदावर पडली होती आणि तिचे तंतू चमकत होते. त्यातून बरणी एका बाजूला कललेली, त्यामुळे रांगा तिरक्या चढलेल्या. कुठला ठिपका कुठल्या रांगेचा हे खात्रीनं सांगता येईना. पार्टनर म्हणाली, "'ब'मध्ये पिवळं दिसतंय बघ." दिसत होतं. पण ते मॅडमना दाखवण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्यांदा आम्ही घाई केली नाही. आधी दोन्ही बाटल्यांतल्या सगळ्या मोठ्या माश्या काढून टाकल्या आणि पुढचे दिवस ज्या नव्या बाहेर आल्या तेवढ्याच वेगळ्या ठेवल्या. टेरिडीन वयाबरोबर साठत जातात, म्हणून तुलना करायची तर सगळ्या रांगांत एका वयाच्या माश्या हव्यात. चार दिवसांच्या झाल्यावर नर-मादी निवडले: नराच्या पोटाचं टोक काळं आणि बोथट, मादीचं पट्टेदार आणि टोकदार. फक्त माद्या घेतल्या. गडद रंगाचा सुती कुडता घातला, ॲप्रन बाहेर ठेवला. कागदाला बोटं लावली नाहीत, चिमट्यानंच धरला. वीस सेंटिमीटर उंचीचा तुकडा, खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीची रेघ. चार खुणा: साधी लाल, 'अ', 'ब', आणि पांढऱ्या डोळ्यांची. कागद गोल वळवून कडा एकमेकींना न भिडतील अशा बेतानं स्टेपल केला, म्हणजे तो बरणीत आपला आपण सरळ उभा राहतो. मिश्रण बरणीत एक सेंटिमीटर, अर्धा तास आधीच घालून झाकण लावलेलं, म्हणजे आतली हवा वाफेनं भरून जाते. वरून काळं कापड. आणि मग लाल दिव्यात चार तास बसणं.

त्या चार तासांचं मला फार अप्रूप आहे. प्रोपॅनॉल आणि अमोनियाचा वास त्या खोलीत कोंडलेला, डोळ्यांतून पाणी येतंय, मामांनी बाहेरून चहा आणून दारात ठेवलाय, आणि मॅडम आमच्याबरोबर स्टुलावर. त्यांना घरी जायची घाई नव्हती त्या दिवशी. त्यांनी सांगितलेलं मी तेव्हा अंधारात लिहून घेऊ शकले नाही, नंतर एकेक गोष्ट शोधून वाचली.

'टेरॉन' म्हणजे ग्रीक भाषेत पंख. नेच्यांना टेरिडोफायटा म्हणतात तेही त्यावरूनच, पानं पिसासारखी असतात म्हणून. टेरिडीनला पंखाचं नाव मिळालं कारण ती पहिल्यांदा सापडली फुलपाखरांच्या पंखांत. फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्सनं १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या एका पिवळ्या फुलपाखराच्या रंगावर टिपण लिहिलं. त्याला तो पदार्थ यूरिक ॲसिडचा नातलग वाटला. हाच हॉपकिन्स पुढे जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९चं नोबेल मिळवणारा. त्या रंगाचं कोडं त्याच्या हातून सुटलं नाही. १९२५च्या सुमारास जर्मनीत हाइनरिख वीलांड आणि क्लेमेन्स शॉफ यांनी पिवळं झँथोप्टेरिन आणि मग पांढरं ल्युकोप्टेरिन शुद्ध वेगळं केलं, आणि त्यांची खरी रचना कळायला १९४० उजाडलं. नायट्रोजन असलेली दोन कडी एकमेकांना जोडलेली, एवढाच सांगाडा, पण अतिशय न विरघळणारा आणि जाळायलाही अवघड. पन्नास वर्षं लागली म्हणजे काय ते रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळेल. पावसाळ्यात आमच्याकडे टाकळ्याच्या रानावर जी पिवळी फुलपाखरं थव्यानं फिरतात तीही हॉपकिन्सच्या फुलपाखराच्याच कुळातली, पिअरिडी. लहानपणी त्यांना चिमटीत धरलं की बोटांना पिवळी पूड लागायची. त्या पुडीत टेरिडीन असतात, हे त्या रात्री कळलं.

मग मॅडमनी परळची गोष्ट सांगितली. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायांना एक विचित्र रक्तक्षय होत असे, रक्तपेशी कमी पण आकारानं मोठ्या, आणि त्यात बाया दगावत. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिनं त्यावर काम केलं. त्या बायकांच्या जेवणात काय असतं हे तिनं पाहिलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये लिहिलं की यीस्टच्या अर्कानं, साध्या मार्माइटनं, हा रक्तक्षय बरा होतो. अर्कातलं ते काय, हे तेव्हा माहीत नव्हतं. ते फोलिक ॲसिड होतं. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून मिळालं, म्हणून पानावरून नाव. १९४५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या अमेरिकन कंपनीत संशोधनाचं काम पाहत होते तिथे ते प्रयोगशाळेत तयार केलं गेलं. आणि फोलिक ॲसिडच्या रेणूचं एक टोक म्हणजे टेरिडीनचं तेच जोडकडं. माझे पणजोबा परळच्या एका गिरणीत होते. पणजी तिथेच बाळंतपणात गेली, असं घरी सांगतात. कशानं ते कुणालाच माहीत नाही. मी शाळेत असताना दर सोमवारी जेवणानंतर आम्हा मुलींना एक निळी गोळी मिळायची, लोह आणि फोलिक ॲसिडची. ती जिभेवर धरून मागे नळाखाली थुंकणाऱ्या मुलींत मी होते. त्या खोलीत बसून मला त्याचं फार वाईट वाटलं.

मिश्रण चौदा सेंटिमीटरपर्यंत चढल्यावर कागद काढला, पोचलेल्या ओळीवर पेन्सिलीची खूण केली, साध्या पंख्यापुढे वाळवला. गरम हवा नाही. मग चष्मे लावले आणि दिवा लावला, ३६५ नॅनोमीटरचा.

साध्या लाल माशीची रांग आधी सांगते, कारण बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या. तळाशी, सुरुवातीच्या खुणेपासून फार वर न गेलेला नारिंगी पट्टा: ड्रोसोप्टेरिनं. त्याच्या वर जांभळट निळा पुसट ठिपका, आयसोझँथोप्टेरिन. मग हिरवट निळं झँथोप्टेरिन. त्यावर पिवळ्याची अगदी पातळ छटा. त्याहून वर दोन निळे ठिपके, एक 'टेरिन' नावाच्या टेरिडीनचा, एक बायोप्टेरिनचा. एका माशीच्या डोळ्यात, जो मी दोन वर्षं 'लाल' म्हणून वहीत लिहीत होते, त्यात इतके रंग होते.

पांढऱ्या डोळ्यांची रांग रिकामी. अपेक्षितच.

'अ'ची रांग जवळजवळ तशीच रिकामी.

आणि 'ब'. नारिंगी पट्टा नाहीच. त्याच्या वरती मध्यावर पिवळा ठिपका, लांबट, भरगच्च, इतका तेजस्वी की त्या उजेडात पार्टनरची हनुवटी पिवळसर दिसत होती असं मला वाटलं. हळदीच्या पाण्याला ऊन लागावं तसा. मी काही बोलले नाही, तीही नाही. मॅडमनी कागद हातात घेऊन फक्त "ही सेपिया" एवढंच म्हटलं आणि तो मला परत दिला.

'अ' ब्राउन होती. ज्या डोळ्यांना मी सगळ्यात गडद म्हणून सेपिया ठरवलं होतं, ते वय झालेल्या ब्राउन माश्यांचे होते आणि त्यांत टेरिडीन नावाला नव्हतं. उजळ दिसणारी 'ब' नुकतीच बाहेर आलेली सेपिया होती. पुढच्या दहा दिवसांत तिचे डोळे खरंच काळे पडत गेले. आता मायक्रोस्कोपखाली मला दोन्हींतला फरक लगेच कळतो. पण तो कळायला लागला कागद पाहिल्यानंतर.

असा कागद माशीवर पहिल्यांदा चढवून जनुकांशी ताडला तो एर्न्स्ट हाडोर्न आणि हर्शेल मिचेल यांनी, १९५१ मध्ये. तीनच वर्षांनी फॉरेस्ट आणि मिचेल यांनी सेपिया माश्यांतला पिवळा पदार्थ शुद्ध वेगळा करून दाखवला. मला तो शुद्ध पदार्थ बघायचा होता. आमच्या ठिपक्याला आम्ही सेपियाप्टेरिन म्हणत होतो ते त्याच्या रंगावरून आणि चढलेल्या उंचीवरून. खात्री करायची तर विकत मिळणारं शुद्ध सेपियाप्टेरिन शेजारी चढवायला हवं. किंमत पाहिली तर काही मिलिग्रॅमसाठी आमच्या विभागाची वर्षभराची रसायनं येतील. मॅडमची एक मैत्रीण पुण्यात एका प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काम करते. तिनं चिमूटभर द्यायचं कबूल केलं. मी एसटीनं गेले, थर्मासमध्ये बर्फ घेऊन. तिनं फॉइलमध्ये गुंडाळलेली एक बोटभर नळी दिली, तळाला नारिंगी-पिवळी पूड, खाली वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही एवढी.

पेशींवर काम करणारीला माशीच्या डोळ्यातलं द्रव्य कशाला लागतं, हे मी तिला विचारलं. तिनं फळ्यावर काढून दाखवलं. आपल्या शरीरात टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचं टेरिडीन सतत बनत असतं. ते नसेल तर फेनिलॲलॅनिन या ॲमिनो आम्लाचं टायरोसिन हे दुसरं ॲमिनो आम्ल होत नाही, मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन बनायची सुरुवातच होत नाही, रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड नीट तयार होत नाही. पण प्रयोगात ते पेशींना बाहेरून द्यायचं तर हवेतच खराब होतं. सेपियाप्टेरिन तुलनेनं टिकतं, पेशीत सहज शिरतं, आणि आत सेपियाप्टेरिन रिडक्टेज आणि मग डायहायड्रोफोलेट रिडक्टेज अशी दोन एन्झाइम त्याचं टेट्राहायड्रोबायोप्टेरिन करतात. दुसरं एन्झाइम फोलिक ॲसिडच्या वाटेवरचंच; मेथोट्रेक्सेट हे कर्करोगावरचं औषध दिलं की ही वाट बंद पडते. मेथोट्रेक्सेटही मुळात टेरिडीनच. माशीत जे तुंबून राहतं, ते या मैत्रिणीच्या प्रयोगातल्या पेशींत मधल्या थांब्यासारखं वापरलं जातं. एखाद्या बाळात सेपियाप्टेरिन रिडक्टेजच जन्मतः नसेल तर त्याच्या मेंदूला डोपामिन पुरत नाही, हालचाली बिघडतात, आणि हा आजार लवकर ओळखला तर औषधांनी पुष्कळ आटोक्यात येतो. हे ती सांगत होती तेव्हा माझ्या मांडीवर ती नळी होती. मी ती दोन्ही हातांनी धरली होती.

परत येऊन शेवटचा कागद चढवला. एका खुणेवर सेपिया माशीची डोकी, शेजारी शुद्ध सेपियाप्टेरिनचा एक थेंब, तिसऱ्या खुणेवर दोन्ही एकावर एक. दिव्याखाली तिन्ही रांगांत पिवळा ठिपका एका ओळीत. तिसऱ्या रांगेत दोन ठिपके वेगळे झाले नाहीत, एकच झाला. पट्टी लावून मोजलं, तिन्हींची उंची सारखी.

उरलेल्या दिवसांत अख्ख्या माश्या चिरडूनही पाहिल्या. नरांच्या रांगेत आयसोझँथोप्टेरिनचा जांभळट ठिपका माद्यांपेक्षा कितीतरी ठळक, कारण ते नरांच्या वृषणांच्या आवरणात असतं. ते बघूनही छान वाटलं, पण माझं मन त्या पिवळ्यापाशीच होतं. २०२५ मध्ये फेनिलकीटोन्युरियावर, म्हणजे रक्तात फेनिलॲलॅनिन साठत जाणाऱ्या जन्मजात आजारावर, सेपियाप्टेरिनचंच औषध अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालं, ती बातमी मॅडमनी मला फोनवर पाठवली तेव्हा मी नोकरीच्या जागी जेवायला बसले होते. डबा तसाच ठेवून पूर्ण वाचली.

कागद काळ्या पाकिटात ठेवले होते, तरी काही महिन्यांत नारिंगी पुसट झालं आणि पिवळंही फिकं पडलं. फोटो आहेत, पण फोटोत तो रंग नीट उतरलेला नाही. बाटल्यांवर आता कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, पेन्सिलीनं लिहिलेल्या, वरून टेप. स्पिरिटनं पुसलं तरी पेन्सिल जात नाही.

यंदा फेब्रुवारीत मॅडमनी ज्युनियर मुलींचं प्रॅक्टिकल घ्यायला मला बोलावलं. मामा आता निवृत्त झालेत, पण त्या दिवशी मुद्दाम आले आणि जिन्याखालच्या खोलीतला लाल दिवा लावून बसले. मुलींना मी गडद कपडे घालून यायला सांगितलं होतं. इन्क्युबेटरमधून ब्राउन आणि सेपियाच्या बाटल्या काढल्या, दोन्हींच्या चिठ्ठ्यांवर कोरा कागद चिकटवला, 'अ' आणि 'ब' लिहिलं आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. दोघीतिघी लगेच वाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, "ताई, ही गडद आहे ती सेपिया ना?"

मी म्हटलं, "डोकी मोजायला घ्या. पाच-पाच."